आप्पा, फोटो आला बरं का!

आप्पा, नमस्कार.

ओळखलंत का? जानेवारीत एका रविवारी सकाळी साताऱ्याजवळच्या लिंब गावात बारामोटेच्या विहिरीपाशी सगळी बॅग जमिनीवर उलटी करून स्वतःलाच शिव्या घालत बसलेला पुण्याचा माणूस, तोच मी. हे तुमच्या नातीकडून वाचून घ्या, आणि जे लोक सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात घालून जुने वाडे, देवळं, शेतं बघत हिंडतात त्यांनीही वाचलं तर बरंच, कारण आभार तुमचे असले तरी उपयोग त्यांनाही आहे.

पहाटे साडेपाचला निघालो होतो, शंभरएक किलोमीटर गाडी हाणली, ट्रायपॉड, दोन लेन्स, तीन बॅटऱ्या, चहाचा थर्मास, सगळं घेतलं आणि मेमरी कार्ड घरी लॅपटॉपमध्येच राहिलं. तुम्ही विचारलंत, "काय हरवलं?" मी म्हटलं कार्ड, तर तुम्ही म्हणालात, "आरं मग झेरॉक्स दाखव की, हिथं कोण बघतंय आधार कार्ड!" तेवढ्या तापलेल्या डोक्यानं पण हसू आलं मला. मग तुम्ही पुतण्याला हाक मारलीत, तो बाईक काढून गावातल्या लग्नाची शूटिंग करणाऱ्या मित्राकडे गेला आणि तासाभरानं ३२ जीबीचं कार्ड घेऊन आला. पैसे घेतले नाहीत. पेट्रोलचे पण नाहीत. वर तुमच्याकडे भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा झाला तो वेगळाच.

पण आप्पा, खरे आभार कार्डाचे नाहीयेत. खरे आभार त्या रिकाम्या तासाचे.

कारण खरं सांगायचं तर त्या विहिरीवर माझी ती तिसरी चक्कर होती आणि एकही धड फोटो नव्हता माझ्याकडे. दरवेळी तेच, वरून वाकून अष्टकोन घ्यायचा, मग पायऱ्या उतरून कमान घ्यायची, भिंतीवरची शरभाची, म्हणजे त्या सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची, शिल्पं घ्यायची, वरचा छोटा महाल घ्यायचा आणि घरी येऊन बघायचं तर वर आकाश पांढरंफटक आणि खाली पाणी काळंकुट्ट. माहिती सगळी पाठ होती हां. विरूबाई भोसल्यांनी बांधली, शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४, खोली ११० फूट, रुंदी ५० फूट, शिलालेख कुठंय ते पण माहीत. फक्त विहीर कशासाठी असते तेवढं डोक्यात आलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत, "बारा मोटा कशा चालायच्या ठावं हाय का?" मी म्हटलं, बैल ओढायचे ना. त्यावर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मला शाळेत पाढे चुकल्यासारखं वाटलं! मग खांद्यावरचा टॉवेल काढून तुम्ही त्याची मोट, म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची पिशवी, केलीत. एक टोक म्हणजे मोटेचं तोंड, दुसरं लोंबतं टोक म्हणजे सोंड. तोंडाला जाड नाडा, तो वरच्या चाकावरून, आणि सोंडेला बारीक सोंदूर, तो खालच्या लाटेवरून, म्हणजे आडव्या लाकडी रुळावरून. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की दोन्ही दोर एकदम ताणले जातात, सोंड वर दुमडलेली राहते म्हणून पाणी सांडत नाही, आणि मोट काठावर आली की नाडा तिला वर उचलतो पण सोंदूर सोंडेला थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, ओढतो, की पाणी भसकन रिकामं. कुणी हात लावायचा नाही. आणि मग बैलांना वळवायचं नाही, उलट्या पावलांनीच वर आणायचं. हे सांगताना तुम्ही स्वतः बांधावर उलटे चालत गेलात, तोंडानं च्च च्च करत, डाव्या हातात खोटाच कासरा धरून. तुमच्या मळ्यातल्या विहिरीवर इंजिन बसेपर्यंत पोरवयात तुम्हीच मोट हाकायचात हे तेव्हा कळलं.

नेमका तेव्हा माझ्याकडे कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं. मोबाईलवर एक काढला.

त्यानंतर विहिरीकडे वळलो तर काठावरची दगडी थारोळी दिसली, जी मी आधी तीनदा चप्पल घालून ओलांडली होती. एकाच वेळी बारा मोटा म्हणजे बारा बैलजोड्या, बारा मोटकरी, बारा चाकांची कुईकुई, त्यांची गाणी, केवढा कालवा असेल तो! मी आपला निवांत पुरातन शांतता वगैरे शोधत होतो तिथं.

दुसरी गोष्ट उन्हाची. कॅमेऱ्यावाल्यांची एक अंधश्रद्धा असते की फोटो सकाळी नाहीतर संध्याकाळीच काढायचा, दुपारचं ऊन म्हणजे वाया. मीही तेच म्हणालो. तर तुम्ही म्हणालात, "हिवाळ्याचं ऊन तळाला पोचतच न्हाय, त्या वरच्या भिंतीला चिकटून बसतं. वैशाखात ये, भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना. तवा हीर आतून पेटती." घरी येऊन बघितलं तर बरोबरच की! साताऱ्याच्या भागात मेच्या दहा-अकराच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावरून जातो, साधारण साडेबाराला, सावली पायाखाली. ज्याला पेपरवाले शून्य सावली म्हणतात ते तुम्हाला नुसतं विहिरीत डोकावून माहीत.

तर मी आलो होतो, आप्पा. मेमध्ये, रखरखत्या उन्हात, डोक्याला ओला रुमाल बांधून, दोन कार्डं घेऊन (एक खिशात, एक पाकिटात, परत अपमान नको). काठावर एक प्री-वेडिंगवाली जोडी होती, तिचा घागरा आणि धुराचे रंगीत डबे, त्यांना म्हटलं बाबांनो दहा मिनिटं द्या फक्त. बारा पंचवीसला ऊन भिंतीवरून खाली घसरत घसरत पाण्याला लागलं आणि पाण्यातून परत उसळून कमानीच्या आतल्या बाजूला हलायला लागलं. दगडावर जाळी हलत होती नुसती. कॅमेऱ्याला काही करामत करावीच लागली नाही, वरखाली उजेड सारखाच. सातआठ मिनिटं टिकलं असेल.

तुम्ही नेमके त्या दिवशी लग्नाला गेलेले. सूनबाईंनी ताक दिलं, आणि येताना पिशवीत सात-आठ पाडाचे आंबे घातले, नको म्हणायची सोय नव्हती. तुमच्या सांगण्यावरून तिथून पाचवडमार्गे वाईकडे, मेणवलीला पण जाऊन आलो. नाना फडणवीसांचा वाडा बघितला, पण जास्त वेळ घाटावर घालवला. १७३९ ला वसई घेतल्यावर चिमाजी अप्पांनी आणलेली ती पोर्तुगीजांची घंटा, मेरी आणि बाळ येशू असलेली, तिच्या खालीच बायका गोधड्या धूत होत्या. आधीचा मी असतो तर त्यांना बाजूला व्हा म्हटलं असतं. यावेळी गोधड्यांसकट घेतला फोटो, चांगला आलाय.

कुरिअरनं दोन मोठ्या प्रिंट पाठवल्यात. एक पेटलेल्या विहिरीची. दुसरी मोबाईलवरची, जरा धूसर झालीय मोठी करताना, तुम्ही बांधावर उलटे चालताय, हातात टॉवेलची मोट. तुम्ही बजावलं होतं की तोंड घेऊ नको, दाढी केली नाही म्हणून, तर तुम्ही पाठमोरे आहात, काळजी नको. शूटिंगवाल्या पोराचं कार्ड पण त्याच पाकिटात घातलंय, पाच महिने वापरलं त्याबद्दल त्याला सॉरी म्हणा.

आणि एक राहिलं. ते मोटेवरचं गाणं तुम्ही दोन ओळी म्हणून थांबलात, पुतण्याची बाईक आली म्हणून. पुढच्या ओळी काय होत्या? दिवाळीनंतर येतोय, तेव्हा सांगा.

तुमचा,
कार्ड विसरलेला पुणेकर