सिंदेवाहीचं कडं, हर्णैचा बावटा

दापोली,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र ऐन गणपतीत आलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यामुळे उत्तर राहिलं. एका परीने बरंच झालं, लगेच लिहायला बसलो असतो तर नुसता भांडलो असतो. "काऊन बे, निसार सोडला म्हणून पेढे वाटून राहिला तू, अन् त्याच्या धुराचं काय?" हे तुझं वाक्य मात्र तेव्हापासून डोक्यात फिरतंय. इस्रो-नासाचा निसार उपग्रह वर गेला म्हणून पेढे वाटले, हे खरं. धुराचा हिशेब मांडला नव्हता, तो आता मांडतो.

तुझा राग कुठून येतो हे मला ठाऊक आहे. कोळशाच्या राखेत जन्म काढलेल्या माणसाला 'देशाची प्रगती' म्हटलं की पहिल्यांदा आपल्या खिडकीतली काजळी दिसते. त्यात तुमच्याकडे आभाळातून लोखंडही पडलं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. अर्ध्या महाराष्ट्राने आभाळात जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या, उल्का म्हणून मोबाइलवर टिपल्या, आणि तुमच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन आदळलं. नंतर आसपास गोळेही सापडले. चीनच्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा तो वरचा टप्पा असावा, असं जाणकारांनी सांगितलं. वर्षभरापूर्वी उडालेलं रॉकेट, त्याचं उरलंसुरलं सामान तुमच्या दारात. पोलीस ठाण्यात ठेवलेल्या त्या कड्याचा फोटो तूच पाठवला होतास. कुणाच्या डोक्यात पडलं नाही, हा केवळ योग.

पण पडलेलं लोखंड दिसतं तरी. हवेत जे राहतं ते दिसत नाही, आणि तुझा मूळ प्रश्न त्याचा आहे.

श्रीहरिकोट्याला आम्ही गेलो होतो तेव्हाचं सांगतो. सुल्लुरपेटहून बेटाकडे जाणारा रस्ता थेट पुलिकत सरोवरातून जातो. दोन्ही बाजूंना उथळ खारं पाणी, त्यात रोहित पक्षी माना बुडवून उभे. पुढे उड्डाण पाहिलं. आधी नारिंगी उजेड, मग रॉकेट वर सरकलेलं, आणि सगळं शांत. आवाज मागाहून येतो आणि कानावर नाही, छातीवर येतो. लोक टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. रॉकेट दिसेनासं झाल्यावर मात्र मी खाली बघत राहिलो. पांढराशुभ्र ढग समुद्राच्या वाऱ्यावर हळूहळू पसरत होता.

तो ढग वाफेचा नव्हे. आपल्या पीएसएलव्ही आणि जीएसएलव्ही या रॉकेटांच्या पहिल्या टप्प्यात घन इंधन असतं: अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि ते बांधून ठेवणारं रबरासारखं द्रव्य. निसार ज्या जीएसएलव्हीवरून ३० जुलैला गेला, त्याच्या पहिल्या टप्प्यात असं सुमारे १३९ टन इंधन भरतात. जळल्यावर ढोबळमानाने त्याचा पाचवा हिस्सा हायड्रोजन क्लोराइड होऊन बाहेर पडतो, म्हणजे पंचवीस-तीस टन. ओलाव्यात मिसळलं की ते सरळ आम्ल. ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी त्याहून जास्त. शिवाय बाजूच्या चार टप्प्यांत हायड्राझीनच्या जातीचं द्रव इंधन, ज्याच्या जवळ जाताना माणसं अंगभर बंद पोशाख घालतात. हे सगळं तुझ्या बाजूचं, आणि मी त्यातलं काही लपवत नाही.

आता दुसरी बाजू. जगातली सगळी रॉकेटं मिळून वर्षभरात जेवढं इंधन जाळतात, ते विमानांच्या इंधनाच्या एक टक्काही नाही. कार्बन डायऑक्साइडचा हिशेब करायचा तर रॉकेट तुमच्या एका वीजकेंद्रापुढे चिल्लर आहे. ओझोनच्या थराला आजवरच्या उड्डाणांनी लावलेली झीजही ०.१ टक्क्याच्या आतली. एवढ्यावर थांबणारे पुष्कळ आहेत आणि इथेच ते फसवतात. विमान दहा-बारा किलोमीटरवर काजळी सोडतं, ती थोड्याच दिवसांत पावसाने धुऊन खाली येते. रॉकेट ती पार त्याच्या वर, स्थितांबरात नेऊन टाकतं. तिथे पाऊसच नाही, त्यामुळे काजळी वर्षानुवर्षं तरंगत राहते आणि ऊन शोषून तो थर तापवते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रॉकेटच्या काजळीची तापवण्याची ताकद जमिनीवरच्या काजळीच्या जवळजवळ ५०० पट मोजली गेली. माल थोडा, पण नको त्या माळ्यावर ठेवलेला.

दुसरी गोष्ट त्याहून नवी आहे आणि मला जास्त खटकते. उपग्रहाचं आयुष्य संपलं की तो खाली आणून हवेत जाळायचा, ही आजची चांगली रीत समजली जाते. जळाला की गेला, असं आपण धरून चाललो. २०२३ साली शास्त्रज्ञांनी नासाच्या उंच उडणाऱ्या विमानातून स्थितांबरातले कण गोळा करून तपासले. तिथल्या सल्फ्युरिक आम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे दहा टक्क्यांमध्ये जळालेल्या उपग्रह-रॉकेटांचं ॲल्युमिनियम आणि इतर धातू सापडले. म्हणजे सिंदेवाहीत पडलं ते कडं, आणि जे पडलं नाही ते वरच आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे उपग्रह आज हजारोंनी फिरताहेत. एकेकाचं आयुष्य पाचेक वर्षांचं, मग तो जाळायचा आणि त्या जागी नवा सोडायचा. हा कारखाना झाला, अवकाश संशोधन नव्हे.

म्हणूनच 'अवकाश' नावाची एकच तागडी घेऊन बसणं मला पटत नाही, तुझंही आणि पेढेवाल्यांचंही. प्रत्येक उड्डाणाला वेगळं विचारायला हवं: वर काय नेतोस, आणि त्याची झळ खाली कुणाला?

वर काय नेतोस याचं उत्तर आम्ही कोकणात राहून पाहिलंय. नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ तुला आठवणार नाही, इथे कुणी विसरलेलं नाही. ऐन हंगाम, होड्या बाहेर खोल समुद्रात. उपग्रह तेव्हाही वर होतेच, वादळ त्यांना दिसतही होतं. पण समुद्रातल्या तांडेलापर्यंत, म्हणजे होडीच्या म्होरक्यापर्यंत, निरोप पोचला नाही, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कितीतरी खलाशी परत आले नाहीत. मग ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. हर्णैच्या बंदरात आधीच धोक्याचा बावटा चढलेला, गावागावांत भोंगा फिरलेला, ज्या काही होड्या बाहेर होत्या त्या आंजर्ल्याच्या खाडीत घेतलेल्या. दुपारी वारा असा फिरला की आमच्या आगरातल्या पोफळी एकावर एक आडव्या झाल्या, शेजारच्यांचे पत्रे माडावर जाऊन अडकले. पुढे कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही. बागा गेल्या त्या गेल्याच, पोफळ पुन्हा धरायला सात-आठ वर्षं लागतात. पण माणसं राहिली. ओडिशाचं तर जगाला ठाऊक आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं मेली, २०१३ च्या फायलिनमध्ये पन्नासाच्या आत. यातलं सगळं श्रेय उपग्रहाला देऊ नये. निवारे बांधले गेले, लाखो लोकांना वेळेवर हलवणारी यंत्रणा उभी राहिली, म्हणून ते झालं. पण कुठे हलवायचं आणि केव्हा, हे वरून दिसल्यावाचून कसं ठरवणार होते?

आणि तू ज्या पर्यावरणासाठी भांडतोस त्याचे पुरावे तरी कुठून येतात? पृथ्वीच्या हवामानावर नजर ठेवायला शास्त्रज्ञ जी मोजमापं अत्यावश्यक धरतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना उपग्रहाचा आधार लागतो. पंजाब, हरियाणा, राजस्थानच्या पोटातलं पाणी आटतंय हे विहिरींवरून शेतकऱ्याला कळतच होतं. पण २००२ ते २००८ या सहा वर्षांत तिथून १०९ घनकिलोमीटर भूजल गेलं, हा आकडा ग्रेस नावाच्या दोन उपग्रहांनी पृथ्वीच्या ओढीतला फरक मोजून दिला. निसार तर दर बारा दिवसांनी जवळजवळ सगळी जमीन रडारने तपासणार: कुठे खचतेय, कुठे जंगल विरळ होतंय, मातीत ओल किती. पावसाळ्यातल्या ढगांतूनही त्याला दिसतं. तुमच्या खाणींभोवतीची जमीन किती बसली हे उद्या त्यातून निघालं, तर कागद घेऊन पहिला तूच धावशील!

एक कबुली मात्र उपग्रहांच्या भक्तांनी द्यायला हवी. अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भोक १९८५ साली आधी जाहीर केलं ते जमिनीवरच्या जुन्या धाटणीच्या उपकरणाने मोजमाप घेणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी. निम्बस-७ उपग्रहाकडेही ते आकडे येत होते, पण इतके कमी की संशयास्पद म्हणून बाजूला पडले. नंतर त्याच उपग्रहाने भोकाचा पसारा नकाशावर दाखवला आणि जग हललं. १९८७ चा माँट्रियल करार झाला. त्या कराराने फ्रिजमधल्या वायूंना आवर घातला, रॉकेटच्या धुराला नाही. तेव्हा रॉकेटं होतीच किती?

आता झळ कुणाला. श्रीहरिकोटा बेटावर अवकाश केंद्र यायच्या आधी यानादी आदिवासी राहत. जंगलातला मध, कंदमुळं, सरोवरातले मासे, त्यांचं सगळं तिथलं. बेट घेतलं गेलं आणि त्यांची जागा आक्रसली. आजही उड्डाणाच्या दिवशी किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना समुद्र बंद असतो. त्या दिवसाची मजुरी कोण देतं? आता तमिळनाडूत तुतुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टणमला दुसरं केंद्र होतंय, २०२४ च्या फेब्रुवारीत पायाभरणी झाली. कारण रास्त आहे. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेकडे जायचं तर श्रीलंकेच्या डोक्यावरून जाता येत नाही, वळसा घ्यावा लागतो, आणि छोट्या रॉकेटला तो परवडत नाही. कुलशेखरपट्टणमहून सरळ दक्षिणेला मोकळा समुद्र आहे, इंधन वाचतं. पण त्यासाठी दोन हजार एकरांवर जमीन गेली, आणि शेजारी मन्नारचं आखात आहे, प्रवाळांचं आणि समुद्रगायींचं. तिथला मच्छीमार पुलिकतच्या मच्छीमाराला विचारून बघेलच, की बाबा रे, गेल्या पन्नास वर्षांत तुला काय मिळालं? त्याला मिळेल ते उत्तर इस्रोच्या पत्रकापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

इस्रोला मी डोक्यावर घेतो हा तुझा आरोप मान्य, पण आंधळेपणाने नव्हे. मार्च २०१९ मध्ये संरक्षण खात्याच्या डीआरडीओने आपलाच उपग्रह क्षेपणास्त्राने उडवून दाखवला, तो फटाका मला तेव्हाही आवडला नव्हता. कक्षा खालची असल्यामुळे बहुतेक तुकडे लवकर जळाले, तरी काही वर फेकले गेलेच. उलट इस्रोने मार्च २०२३ मध्ये मेघा-ट्रॉपिक्स हा जुना उपग्रह, उरलेलं इंधन वापरून, ठरवून पॅसिफिक महासागरात निर्जन जागी उतरवला. तशी सोय मुळात त्याच्या आराखड्यात नव्हती, म्हणून त्याचं कौतुक. २०३० पासून आपली कोणतीही मोहीम अवकाशात कचरा ठेवणार नाही, असं आता जाहीर केलंय. सगळ्यांनी हे पाळलं असतं तर लाडबोरीकरांचा पाडवा नीट गेला असता.

कायद्याचं म्हणशील तर १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. रॉकेट सोडणाऱ्या देशाने जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई द्यायची, चूक कुणाची हे न विचारता. १९७८ साली सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवाला उपग्रह कॉसमॉस-९५४ कॅनडात पडला, तेव्हा कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, हातात तीस लाख पडले. पण स्थितांबरातल्या काजळीबद्दल आणि धातूच्या भुकटीबद्दल कुणी कुणाकडे मागायचं, याचा कुठेच पत्ता नाही. माझं म्हणणं विचारशील तर वादळं, पाणी, जंगल बघणारी उड्डाणं चालू राहावीत, धूर सोसून. चांद्रयानासारखी मोजकी शास्त्रीय यानंही. आणि या हजारोंच्या ताफ्यांना आकडा ठरवून द्यावा, वरती जागा ठेवायची आणि जाळायची किंमत लावावी. श्रीमंतांना तीन-चार मिनिटं अधांतरी तरंगवणारी सहल बंद झाली तर माझ्या डोळ्यांत पाणी येणार नाही.

गगनयानाबद्दल तुझं-माझं जमणार नाही, ते कागदावर मिटणारं नाही. तू 'माणूस कशाला पाठवता, यंत्र पाठवा' म्हणणार, आणि माझ्याकडे याला पुरतं उत्तर नाही, फक्त हौस आहे. दिवाळीनंतर सवडीने ये, मग बोलू. येताना वहिनींना नक्की आण. कोकम आणि कुळथाचं पीठ इथून बांधून देईन. आणि लाडबोरीला कधी गेलास तर त्या कड्याचं पुढे काय झालं, गावाला कुणी काही दिलं का, एवढं विचारून कळव.

तुझा,
वसंत

ता. क. निसारची माहिती सगळ्यांना खुली राहणार आहे. तुमच्या त्या संगणकवाल्या पुतण्याला आत्तापासूनच कामाला लाव.