कमी चालणाऱ्या गाडीचे टायर

महोदय,
‘गाडी फारशी बाहेर काढत नाही, मग खर्च कसला?’ असं अनेक कारमालक म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. उभ्या गाडीचीही बॅटरी उतरते, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, विम्याचा हप्ता तर चुकत नाहीच. पण सर्वांत दुर्लक्षित राहतात ते टायर. नक्षी शाबूत दिसते म्हणून माणूस निर्धास्त असतो. रबर मात्र वयानुसार कडक होतं, कडेला बारीक भेगा पडतात.

टायरच्या कडेवरच्या सांकेतिक क्रमांकात शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ताशी ८० किलोमीटर वेगात ब्रेक दाबल्यावर लागणारं अंतर ताशी ४०ला लागणाऱ्या अंतराच्या जवळपास चौपट असतं, आणि त्या क्षणी रस्ता धरून ठेवतो तो फक्त टायर. तरीही वापरलेली गाडी घेताना लोक किलोमीटर बघतात, रंग बघतात, टायरवरचे हे आकडे क्वचितच कुणी वाचतं. विक्रेत्यांनी प्रत्येक टायरचं वय व्यवहाराच्या कागदावर आपणहून लिहून द्यावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे. स्टेपनीचंही!

– एक कारमालक