ठसा एकाच माणसाचा

सिंगापूर,
३ नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

अण्णा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे जरा सविस्तर सांगायचंय, म्हणून कागद घेतला. शनिवारी शेजारच्या अक्कांकडे ‘तीरन अधिगारम ओंड्रु’ हा तमिळ सिनेमा पाहिला. अक्का मूळच्या मदुराईच्या. त्यांनी मुरुक्कू तळले होते, आणि मी कुठे अडले की सिनेमा थांबवून समजावून सांगत होत्या.

सिनेमा २०१७ चा, दिग्दर्शक एच. विनोत यांचा. नट कार्ती त्यात डीवायएसपी, म्हणजे पोलीस उपअधीक्षक, आहे. गोष्ट खऱ्या तपासावर बेतलेली. तामिळनाडूत महामार्गालगतच्या एकाकी घरांवर रात्री दरोडे पडायचे. टोळी उत्तरेतून मालट्रकमधून यायची, दार फोडायची, समोर येईल त्याला मारायची आणि दागिने घेऊन निघून जायची. जानेवारी २००५ मध्ये गुम्मिडिपूंडीचे आमदार सुदर्शनम यांचा राहत्या घरी खून झाला, तेव्हा पोलीस अधिकारी एस. आर. जांगिड यांच्या हाताखाली खास पथक नेमलं गेलं. सिनेमातही साधी माणसं मरतात तोवर वरचे साहेब ढिम्म असतात. आमदाराचा जीव गेल्यावर धावपळ सुरू होते. मला फार चीड आली.

पण तपास काय दाखवलाय! हातात फक्त बोटांचे ठसे. ते घेऊन पोलीस राज्याराज्यांतले तुरुंग, ठाणी, जुनी दप्तरं पालथी घालतात. एक म्हातारा होत आलेला ठसेतज्ज्ञ भिंग लावून एकेक कागद पाहतो, बाजूला ठेवतो, पुढचा उचलतो. असे महिने जातात. भाषा येत नाही, जेवण सोसत नाही, घरी बायको वाट बघतेय. उत्तरेतल्या एका गावात अख्खा गाव पोलिसांच्या बसवर चालून येतो, तो प्रसंग थरारक आहेच, पण माझ्या मनात राहिले ते ते कागद. ठशांवरून माणूस ओळखणारा जगातला पहिला विभाग १८९७ मध्ये आपल्याच कलकत्त्यात निघाला, आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता, हे तुम्हीच मला शाळेत असताना सांगितलं होतं. ते आठवलं.

आणि इथेच मी अडकले, अण्णा. मध्येच सिनेमा या टोळीच्या जमातीचा इतिहास सांगू लागतो, आणि हळूहळू दरोडेखोर म्हणजे ती जमात असंच वाटायला लागतं. अक्का म्हणाल्या, “खरंच घडलंय की हे.” घडलंय, मी नाही म्हणत नाही. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना न्याय मिळायलाच हवा होता. पण ज्या ठशासाठी हे पोलीस वर्षं घालवतात, तो एकाच माणसाचा असतो ना? त्याच्या चुलत्याचा नाही, पोराचा नाही.

मला सेटलमेंट आठवली, इंग्रजांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायची ती वसाहत. तारेचं कुंपण, दिवसातून होणारी हजेरी, १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यातून सुटका झाल्याचा दिवस, हे सगळं तुमच्याकडून ऐकलेलं. पण आमच्या वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली की त्यानंतरही आधी दप्तर तपासलं जायचं ते माझ्या बाकावरच्या सेटलमेंटमधल्या मुलाचं. तो न सांगताच उठायचा आणि दप्तर उलटं करायचा. एकदा तुम्ही शाळेत आला होतात, ते पाहिलंत आणि बाईंना म्हणालात, “मग सगळ्यांची तपासा, माझ्या मुलीपासून सुरू करा.” मला तेव्हा तुमचा राग आला होता. परवा रात्री अक्कांना हे सांगताना माझा गळा दाटून आला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग त्यांनी त्यांच्या गावाकडची अशीच एक गोष्ट सांगितली. ती पुढच्या पत्रात लिहीन.

सिनेमा मिळाला तर बघा. आई, तू मारामारीच्या वेळी उठून चहा टाक, पण ठशांचा भाग चुकवू नकोस.

अण्णा, तो मुलगा आता कुठे असतो, काही कळतं का? तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला तरी माहीत असेल. विचारून कळवा.

शेंगाचटणी संपली. कुणी येणार असेल तर पाव किलो तरी पाठव, आई. अक्कांनाही द्यायचीय.

तुमची,
सुमी