झिनेमन यांचा दुर्लक्षित सूडपट

संपादक महोदय,

जुन्या सूडपटांचा विषय निघाला की दिग्दर्शक फ्रेड झिनेमन यांच्या ‘अ‍ॅक्ट ऑफ व्हायलन्स’चे (१९४८) नाव फारसे कुणी घेत नाही. त्यांच्याच ‘हाय नून’च्या (१९५२) कीर्तीपुढे तो झाकोळला, याची खंत वाटते.

कथा साधी आहे. जर्मन युद्धकैदी छावणीतून वाचलेला ‘जो’ नावाचा सैनिक (रॉबर्ट रायन) आपल्या जुन्या अधिकाऱ्याच्या, फ्रँकच्या (व्हॅन हेफ्लिन) जिवावर उठला आहे. आधी फ्रँक निरपराध वाटतो. पळून जाण्याचा बेत त्यानेच शत्रूला सांगितला होता हे कळते आणि आपली सहानुभूती डळमळते. सूडपटात असा तोल क्वचितच साधतो.

खरी कमाल ध्वनीची आहे. ‘जो’ एका पायाने लंगडतो. फ्रँक घरातले दिवे मालवून, पडदे ओढून बसतो, तेव्हा बाहेरून फरफटत्या पायाचा आवाज घराभोवती फिरत राहतो. तिथे माणूस दाखवण्याची गरजच उरत नाही. म्हणून हा चित्रपट मोबाइलच्या स्पीकरवर पाहू नये. तो आवाज त्यात हरवतो.

टीव्हीवर पाहताना चित्र ४:३ प्रमाणातच ठेवावे. पडदा भरण्यासाठी ताणले तर चेहरे पसरट होतात, झूम केले तर वरचा-खालचा भाग कापला जातो. ब्राइटनेस वाढवला की काळा रंग राखाडी होतो आणि छायाचित्रकार रॉबर्ट सर्टीस यांनी टिपलेल्या लॉस एंजेलिसच्या रात्रीच्या रस्त्यांची, बोगद्याची भीतीच नाहीशी होते. मोशन स्मूदिंगही (हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी टीव्हीतली सोय) बंद करावे.

८२ मिनिटांच्या या चित्रपटावर आपल्या चित्रपट पुरवणीत सविस्तर लेख यावा, ही विनंती.

— एक वाचक