बुधवारच्या त्या तासासाठी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र वर्षभरापूर्वीच लिहायला हवं होतं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते शाळेत नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक समुपदेशकाच्या वाट्याला यायला हवं आणि बहुतेकांच्या वाट्याला ते येत नाही.

मी तुम्हाला फोन केला होता तो राजीनाम्यात काय लिहावं हे विचारायला. नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. ‘झालं काय?’ असं तुम्ही विचारलंत आणि मला सांगण्यासारखं काही सापडेना. मोठं असं काही घडलंच नव्हतं. मग जे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं ते तोंडून गेलं: मधल्या सुट्टीत दारावर टकटक झाली की मला राग येतो. बाहेर दहा-बारा वर्षांचं लेकरू उभं असतं, किती दिवस धीर गोळा करून आलेलं असतं, आणि माझ्या मनात पहिलं येतं ते ‘आता आणखी कोण?’ एवढं बोलले आणि मला रडू आवरेना.

तुम्ही ‘असं म्हणू नये गं’ म्हणाला नाहीत. ‘चार दिवस रजा काढ’ असंही नाही. ‘हा तुझा स्वभाव नाही, हे लक्षण आहे,’ म्हणालात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची जी व्याख्या स्वीकारली ती तुम्ही मला फोनवरच समजावून सांगितलीत: तो आजार नव्हे, कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था आहे. तिची अंगं तीन. शक्ती संपून जाणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. पहिलं मला कळत होतं. दुसऱ्याला मात्र मी माझा खोटेपणा समजत होते. जिला मुलांची माया नाही तिने या पेशात यायलाच नको होतं, असा निवाडा मी माझ्यापुरता करून टाकला होता. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मी सलग झोपले.

मग तुम्ही ती वही करायला लावलीत. दोन आठवडे, दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिहायचं. भावना नकोत, फक्त काम. वही भरली तेव्हा कळलं, की मुलांबरोबर घालवलेला वेळ निम्म्याहूनही कमी होता. बाकीचे ऑफ तास, परीक्षेचं सुपरव्हिजन, संगणकावर माहिती भरणं. आणि शिस्तीच्या तक्रारी. वर्गात दंगा केला म्हणून मुलाला माझ्याकडे पाठवायचे. आज ज्या खोलीत शिक्षा म्हणून बसवलं त्याच खोलीत त्या मुलाने उद्या मन मोकळं करावं, ही अपेक्षा किती चुकीची आहे हे मला वहीत लिहिलेलं वाचेपर्यंत दिसलंच नव्हतं. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस एका समुपदेशकामागे 250 विद्यार्थ्यांची आहे, हेही तेव्हाच तुमच्याकडून ऐकलं. माझ्या शाळेत 1,100 मुलं आणि मी एकटी. हे ऐकून खरं तर वाईट वाटायला हवं होतं, पण मला हायसं वाटलं.

मुख्याध्यापकांकडे ती वही घेऊन मला एकटीलाच जायला लावलंत. बरोबर या म्हटलं तर नाही म्हणालात, त्याचं तेव्हा वाईट वाटलं होतं. ऑफ तास बंद झाले, शिक्षेची मुलं येणंही थांबलं. माहिती भरणं आजही माझ्याकडेच आहे आणि मुलांची संख्या तर बदललेलीच नाही. तरीही मुख्याध्यापकांसमोर बसून ‘हे माझं काम नाही’ असं शांतपणे म्हणता येतं, हे मी त्या दिवशी शिकले.

पण माझे सगळ्यात जास्त आभार आहेत ते एक बुधवार सोडून एका बुधवारी तुम्ही दिलेल्या तासासाठी. शिक्षकांना स्टाफरूम असते. वर्गात काही झालं तर तिथे बोलून मोकळं होता येतं. आमच्याकडे जे ऐकलं ते बाहेर काढायचं नसतं, आणि शाळेत आपलं काम करणारं दुसरं माणूसही नसतं. शिकत असताना दर आठवड्याला सुपरव्हिजन होतं, म्हणजे आपल्या केस अनुभवी समुपदेशकासमोर मांडून त्यांच्याशी बोलायची वेळ. नोकरी लागली आणि ते संपलं, नेमकं खऱ्या केस समोर यायला लागल्या तेव्हा. हे मला आजही अन्यायाचं वाटतं. ताणावर एक दिवसाची कार्यशाळा ठेवून ही उणीव भरून निघत नाही. तिथे शिकलेले श्वासाचे व्यायाम मी करते, त्यांचा उपयोगही होतो, पण बुधवारचं काम ते करू शकत नाहीत.

स्वतःला इजा करून घेणाऱ्या त्या मुलीची केस तुम्हाला आठवत असेल. पालकांना बोलावलं होतं, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं, नोंदी पूर्ण होत्या. तरी मी रात्री दोन-दोनदा उठून फोन बघायचे. तुम्ही तिचं नाव न विचारता माझ्याकडून सगळी पावलं एकेक करून वदवून घेतलीत आणि विचारलंत, ‘यातलं काय करायचं राहिलंय?’ काहीच राहिलं नव्हतं. ‘मग जे उरलंय ते मला सांग.’ मी पाऊण तास बोलत होते आणि तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

ताई, या बुधवारी येतेय. सातवीतल्या एका मुलाची केस आणणार आहे. पालकांशी बोलण्यात मी फार घाई केली, असं मला वाटतंय. मूळ नोंद जशी होती तशीच आणते, काही न खोडता.

तुमची,
दीड वर्षात नोकरी सोडायला निघालेली, आता तिसऱ्या वर्षात असलेली एक शालेय समुपदेशक