ती लांडग्यावर बसून आली

प्रिय पम्या,

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिणार होतो पण तू तिथे नुसता अंगठा टाकून मोकळा होतोस, म्हणून पत्र. गेले चार दिवस डोक्यात एक राक्षसीण बसलीये. नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या पुराणातली, हिरोकिन. थॉर-लोकी सगळ्यांना पाठ, हिला कोण विचारतंय, अख्ख्या गोष्टीत चारपाच ओळींचा रोल.

झालं असं की बाल्डर मेला, देवांचा राजा ओडिन, त्याचा लाडका पोरगा. त्याला त्याच्याच जहाजावर अग्नी द्यायचा ठरलं, ते जहाज म्हणजे ह्रिंगहॉर्नी, सगळ्यात मोठं, आणि किनाऱ्यावरून हलेचना! एवढे देव जमलेले पण ढिम्म. मग निरोप कुठे धाडला, तर ज्यांच्याशी जन्माचं वैर त्या राक्षसांच्या मुलखात. बाई आली ती लांडग्यावर बसून, लगाम म्हणून विषारी साप. ओडिनने लांडगा धरायला चार बर्सर्कर म्हणजे पिसाट लढवय्ये लावले, त्यांनाही आवरेना, आडवा पाडला तेव्हा कुठे जमलं. आणि हिने एकच धक्का मारला, जहाजाखालच्या ओंडक्यांतून जाळ निघाला, जमीन हादरली, जहाज पाण्यात.

आता थँक्यू म्हणायचं ना? तर थॉर भडकला आणि हातोडा घेऊन हिचं डोकं फोडायला निघाला, बाकीचे देव मध्ये पडले म्हणून वाचली. गरज सरो वैद्य मरो, पण आपल्याकडे निदान वैद्याला घरी तरी पोचू देतात रे! १२२० च्या सुमारास ही गोष्ट लिहिणारा आइसलंडचा स्नोरी रागाचं कारण देत नाही. मला वाटतं एवढा पैलवान गडी तिथेच उभा असताना काम एका बाईने केलं, तेच झोंबलं. नंतर लित नावाचा एक बुटका पायात आला तर त्यालाही लाथेने चितेत उडवलं, त्याचं काय चुकलं होतं?

बरं, दुसऱ्या एका जुन्या कवीने थॉरने मारलेल्यांची यादी दिलीये, त्यात हिरोकिन आहेच. म्हणजे सोडलं नाहीच शेवटी.

शनीच्या एका चंद्राला हिचं नाव दिलंय, २००६ साली जाहीर झालेला, तोही उलटाच फिरतो.

आणि स्वीडनमध्ये हुन्नेस्टाडचा साधारण हजार वर्षं जुना दगड आहे, त्यावर लांडग्यावरची स्वारी, हातात साप, ती हीच असं मानतात. सध्या लुंडच्या म्युझियममध्ये असतो. तुझी ताई तिकडेच आहे ना? तिला सांग एक चांगला फोटो काढायला, जीभ बाहेर काढलेली नीट दिसली पाहिजे.

तुझाच,
बाळ्या