विद्यापीठातले इंटरनेट फोन आणि ११२

महोदय,

विद्यापीठांच्या आवारांतली जुनी ईपीएबीएक्स एक्स्चेंज (आवारातले फोन एकमेकांना आणि बाहेर जोडणारी यंत्रे) निघत आहेत आणि त्यांच्या जागी संगणकाच्या जाळ्यावर चालणारे आयपी फोन बसत आहेत. माझी सारी नोकरी एका विद्यापीठाच्या दूरध्वनी विभागात झाली आणि या बदलाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरले की तांब्याच्या तारांच्या शेकडो जोड्यांतून बिघडलेली जोडी शोधणे काय असते, हे आम्हालाच ठाऊक. आता आवारभर फायबर आहेच आणि एका संभाषणाला त्यावर प्रत्येक दिशेला जेमतेम १०० किलोबिट लागतात. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजने २००३ मध्येच वायरलेस जाळ्यावरून विद्यार्थ्यांना संगणकावर फोन दिला आणि देशांतर्गत लांब पल्ल्याच्या कॉलचे पैसे घेणे बंद केले, कारण कॉलपेक्षा बिले काढण्याचा खर्च जास्त होत होता. आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मुभा मिळाली खरी, पण संगणकावरून देशातल्या साध्या फोनला कॉल लावायची वाट २०१८ पर्यंत बंदच होती. उशीर झाला, हरकत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या निविदांत हँडसेटच्या पडद्याचा आकारसुद्धा लिहिलेला असतो. संकटात हा फोन लागेल का, याबद्दल अक्षर नसते.

जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच, त्याच तांब्याच्या जोडीवरून मिळत असे. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टची बॅटरी बँक असायची. आवारात अंधार झाला तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन यायचा. आयपी फोनला वीज देतो तो मजल्यावरच्या कपाटातला नेटवर्क स्विच, म्हणजे त्या मजल्यावरचे फोन आणि संगणक जाळ्याला जोडणारी पेटी. तो यूपीएसवर नसेल तर वीज जाताक्षणी अख्ख्या मजल्याचे फोन मुके होतात. वळवाच्या पावसात फांदी पडून रात्री वीज गेली आणि वसतिगृहाच्या रेक्टरांच्या खोलीपासून फाटकावरच्या चौकीपर्यंत एकही फोन लागला नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. ‘मोबाइल आहेत की’ असे उत्तर मिळते. तळघरातल्या प्रयोगशाळेत, जाड दगडी भिंतींच्या जुन्या इमारतीत रेंज मिळते का, हे तिथे काम करणाऱ्यांना विचारावे.

दुसरी गोष्ट ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाची. बाहेरच्या कॉलसाठी आधी शून्य फिरवायची आपली सवय आयपी फोनवरही तशीच चालू ठेवली जाते. घाबरलेल्या मुलाने थेट ११२ फिरवले तर कॉल लागत नाही, किंवा ११२ हे कुठल्या तरी विभागाचे एक्स्टेन्शनच निघते! डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधल्या मार्शल इथे एका मोटेलच्या खोलीत कारी हंट यांचा खून झाला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११, म्हणजे तिथला ११२, लावून पाहिला. त्या फोनला आधी ९ दाबावे लागते, हे तिला कोण सांगणार? त्यातून तिथे कारी यांच्या नावाचा कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० पासून अशा नव्या फोन यंत्रणांवर कोणताही आकडा आधी न दाबता ९११ लागलेच पाहिजे आणि तो कॉल झाल्याची सूचना त्याच क्षणी आवारातल्या जबाबदार माणसाकडे गेली पाहिजे, असे बंधन आहे. पुढे कॉल कुठल्या इमारतीतून, कुठल्या मजल्यावरून आला हे कळवण्याचेही बंधन आले. शेकडो एकरांच्या आपल्या आवारांत हे फार महत्त्वाचे आहे. आयपी फोन उचलून दुसऱ्या इमारतीत लावला तरी क्रमांक तोच राहतो, आणि बाहेर पत्ता नोंदलेला असतो तो मुख्य इमारतीचा. रुग्णवाहिका तिथे जाऊन उभी राहील.

यातल्या डायलिंगच्या भागाला नवे यंत्र लागत नाही. फोनचे कॉल जोडणाऱ्या सर्व्हरवर थेट ११२ चा मार्ग टाकायचा, तो कॉल होताच सुरक्षा चौकीचा फोन वाजेल असे करायचे, ११२ हे एक्स्टेन्शन कुणालाही द्यायचे नाही. खर्च आहे तो स्विचच्या यूपीएसचा आणि दरवर्षी बॅटरी तपासण्याचा. कुलसचिवांनी हे निविदेतच लिहावे आणि दिवसाढवळ्या मेन स्विच बंद करून प्रत्येक वसतिगृहातून चौकीला फोन लावून पाहिल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल मंजूर करू नये. तोवर वसतिगृह, चौकी आणि आरोग्य केंद्रातली तांब्याची एकेक लाइन तरी कापू नये.

– एक निवृत्त दूरध्वनी तंत्रज्ञ, पुणे